रुक्मिणीच्या नावाची नाणी

पेडण्याच्या बाजारात बसथांब्यासमोर विनोदिनी शेटगावकरचा चहा-भाजीपावाचा गाडा होता. सकाळी सहाला पोदेर म्हणजे पाववाला पावांची टोपली उतरवून जाई आणि साडेअकरापर्यंत पातळभाजीचं टोप घासायला पडलेलं असे. हल्ली येणारा-जाणारा मोबाईल पुढे करतो, आणि गाड्यावरचा छोटा डबा बायकी आवाजात रक्कम सांगतो. पण बसचे कंडक्टर अजून सुट्ट्या नाण्यांनीच चहा पितात. विनोदिनीला तेच हवं असे, कारण नाण्यांवर तिची नजर होती.

ही नजर तिला गोकुळदासांनी दिली. फोंड्याच्या एका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ महिन्यातून एकदा पेडण्याला बहिणीकडे येत. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी रुपया समजून पोर्तुगीज काळातलं एक जुनं नाणं तिच्याकडे टाकून गेलं होतं. गोकुळदासांनी खिशातून भिंग काढलं, नाणं उलटसुलट करून पाहिलं, तीनशे रुपये देऊन विकत घेतलं आणि शिवाय बांकावर बसून तिला अर्धा तास शिकवलं.

"आधी वर्ष वाच, बाय. मग वर्षाच्या खाली बघ. टिंब असलं तर नोएडाची टांकसाळ, चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद. काहीच नसलं तर कोलकाता. आणि ते लाखो रुपयांचे व्हिडिओ बघू नको. चुकलेलं नाणं शोध. एकाच वर्षाची लाखभर नाणी बरोबर निघतात, एखादंच चुकतं. गंमत त्या एकाची."

तेव्हापासून हातात आलेलं प्रत्येक नाणं विनोदिनी अंगठ्यानं चाचपून मगच डब्यात टाकी. सहा वर्षांत तिला सिंह एका बाजूला सरकलेलं दोन रुपयाचं नाणं मिळालं, पाच रुपयाचं एक असं मिळालं की त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना तिरक्या होत्या. काही तिनं गोकुळदासांना विकली, काही जवळच ठेवली. नवरा चेष्टा करायचा. तिला त्याचं काही वाटत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी चांदेलच्या बसच्या कंडक्टरनं चार नाणी पुढे सारली. तिसऱ्या नाण्यावर अंगठा गेला आणि काहीतरी टोचलं. पाच रुपयाचं नाणं होतं. सिंहाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं ठोकली होती, लग्नात द्यायच्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात तशी. तिनं उजेडात धरून वाचलं: रुक्मिणी.

"हें कुणी दिलां रे तुका?" तिनं विचारलं.

"काय म्हायत! शंभर माणसां चडतंत," म्हणून कंडक्टर पाव मोडायला लागला.

त्या महिन्यात गोकुळदास आले तेव्हा तिनं ते दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच बाजूला ठेवलं. "हे चुकलेलं नाणं नव्हे, बिघडवलेलं नाणं. किंमत शून्य. उलट सरकारी नाण्यावर असं कोरणं गुन्हा आहे. चालवून टाक."

विनोदिनीला ते चालवून टाकता आलं नाही. तिनं ते एका पेल्यात टाकलं, आणि चारच दिवसांनी त्यावर दुसरं पडलं. या वेळी दोन रुपयाचं होतं. पण नाव तेच, जागाही तीच, आणि हातही तोच. मग दहा रुपयाचं आलं. मग पुन्हा पाच. होळीचा शिगमो आला तोवर पेल्यात एकोणीस नाणी झाली होती. कधी हळर्णच्या बसवाल्याकडून येत, कधी धारगळच्या, एकदा तर मोपाच्या विमानतळावर कामाला जाणाऱ्या एका परप्रांतीय मुलीनं दिलं. कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि नाणी देणाऱ्यांपैकी कुणी त्यांवरचं नाव वाचलेलंही नव्हतं.

हळूहळू तिला त्या नावाची भीती वाटू लागली. कंडक्टरचा हात पुढे आला की नाणं दिसायच्या आधीच तिला कळे की हे ते आहे. एकदा भांडी विसळताना ती स्वतःशीच "रुक्मिणी, गो रुक्मिणी" अशी हाक मारल्यासारखी पुटपुटली, आणि समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशे, कोणाक आपयतंस?" तेव्हा कुठे आपण मोठ्यानं बोललो हे तिला कळलं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती माहेरी लाटंबार्शाला निघाली. भावाच्या काजू बागेत दर वर्षी दोन दिवस ती हात लावायला जाई. वाटेत डिचोलीला बस बदलायची होती. बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा धाकूकाका बसलेला असतो, हे तिला माहीत होतं. तिच्या लग्नातल्या तांब्यांवरही त्यानंच नाव घातलं होतं. तिनं पेल्यातली दोन नाणी बरोबर आणली होती.

धाकूकाका आता विजेच्या मशीननं नावं घालतो. त्यानं मशीन बंद केलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नाणं डोळ्यांशी नेलं. मग अंगठ्यानं एकेक अक्षर चाचपलं.

"हो पांडुरंगाचो हात," तो शेवटी म्हणाला.

"कोण पांडुरंग?"

"कासारवर्ण्याचो. आमी दोगय एकाच उस्तादाकडे शिकलों. ह्या 'रु'च्या पोटात बघ. आत एक वळसो आसा, दिसलो? तो अक्षराचो न्हय. पांडुरंगाक लिवूंक-वाचूंक येय नाशिल्लां. उस्तादान त्याका जमनीर खडूनं अक्षरां काडून दिली. 'र' काडताना खडू घसरलो. ह्यान तो घसरलेलो वळसोय अक्षराचोच समजून जन्मभर कोरलो. आमी किती हसायचे! दुसऱ्या कोणाच्या 'र'त तो मेळचो ना."

"मग ते आता कुठे असतात?"

धाकूकाकानं तिच्याकडे पाहिलं. "मरून आठ वर्सां जाली त्याका. हांव मसणात गेल्लों."

विनोदिनीनं नाणं परत हातात घेतलं. सवयीनं आधी वर्ष पाहिलं. २०२३. खाली चौकट, म्हणजे मुंबई. दुसरं पाहिलं. २०२२, टिंब. आठ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हातानं कोरलेली ही नाणी तो मेला तेव्हा पाडलीदेखील गेली नव्हती. भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या बाजारात तिनं ती दोन्ही नाणी पायरीवर ठेवून हात मागे घेतला. धाकूकाकानं तिच्या चेहऱ्याकडे पाहून नाण्यावरचं वर्ष वाचलं, आणि उठून दुकानात जाऊन पाणी पिऊन आला. परत आल्यावर त्यानं मशीनला हात लावला नाही.

ती लाटंबार्शाला गेली, पण तिथं तिचं मन लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पेडण्याला परतल्यावर गाडा न उघडताच, पेल्यातली सगळी नाणी पदरात बांधून तिनं दुपारची कासारवर्ण्याची बस धरली. कंडक्टरनं वीस रुपयांतून पाच रुपयाचं एक नाणं परत दिलं. तिनं ते चाचपलं, वाचलं: २०२३, खाली काही नाही, कोलकाता. साफ गुळगुळीत. ते तिनं बटव्यात टाकलं. बटव्यात दुसरं नाणं नव्हतं.

पांडुरंगाचं घर शोधायला लागलं नाही. नळावरच्या बाईनं नाव ऐकून नुसता हात केला. कौलारू लहान घर, बाजूला उतरत्या छपराची पडवी, मागे काजूची दोन झाडं आणि खाली पडलेल्या बोंडांचा आंबूस वास. चाळिशीला टेकलेल्या एका बाईनं दार उघडलं. ती पांडुरंगाची मुलगी गौरवी. गावच्या अंगणवाडीत काम करत होती, लग्न केलेलं नव्हतं, घरात एकटीच राहत होती.

विनोदिनीनं पदरातली एकोणीस नाणी बांकावर ओतली.

गौरवीनं ती पाहिली आणि ती खालीच बसली. "ही सगळी तुमच्याकडे थांबली होती?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, राग होता. "एकोणीस वेळा तुम्ही बाबाची वाट अडवलीत."

मग तिनं पाणी आणून दिलं आणि सगळं सांगितलं.

रुक्मिणी म्हणजे तिची आई. चौथीपर्यंत शिकलेली, नवऱ्याला अक्षर येत नव्हतं, तर भांड्यांवर घालायची नावं तीच कागदावर लिहून द्यायची. साठीनंतर ती विसरायला लागली. आधी चुलीवर दूध विसरली, मग गौरवीचं नाव, मग एक दिवस आरशात बघून म्हणाली, "ही कोण?" तेव्हा पांडुरंगानं पाच रुपयाच्या नाण्यावर तिचं नाव कोरून तिच्या पदराच्या टोकाला बांधलं. ती दिवसातून दहा वेळा गाठ सोडी, नाव वाची, आणि हसून म्हणे, "हांव रुक्मिणी."

"अकरा वर्षांपूर्वी बाबा बाजारात गेले असताना ती बाहेर पडली," गौरवी म्हणाली. "बसमध्ये चढली. कंडक्टरनं तिकीट मागितलं. तिच्याकडे दुसरं काय होतं? गाठ सोडून तिनं तेच नाणं दिलं. म्हापशाला उतरली, एवढं त्या कंडक्टरला आठवत होतं. पुढे काही नाही. पोलीस झाले, फोटो झाले. बाबा म्हणायचे, तिनं तिचं नाव खर्च केलं. ते कधीतरी फिरून तिच्याच हातात पडलं पाहिजे, मग ती वाचेल. म्हणून रोज एक नाणं कोरायचे आणि चालवायचे. मरेपर्यंत तीन वर्षं. मरताना मला एवढंच म्हणाले, नाणी घरात ठेवू नको, धावती ठेव."

"पण ही नाणी तर नंतरची आहेत," विनोदिनी म्हणाली.

गौरवीनं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत छिन्नी आणि बारकी हातोडी होती, दोन्ही गंजून एकमेकींना चिकटलेली. "दहाव्याच्या दिवसापासून मी याला हात लावलेला नाही. थांबा थोडं. अजून तीन वाजायचे आहेत."

दोघी बसून राहिल्या. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. पाखरांचा आवाज नव्हता, वारा नव्हता. विनोदिनीला वाटलं, उठून जावं. आणि मग पडवीतून आवाज आला.

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

लोखंडावर हलक्या हातानं ठोकल्याचा. चार ठोके, मग क्षणभर थांबणं, जसं कुणी नाणं बोटांनी किंचित फिरवून घेतंय. पुन्हा पाच ठोके. विनोदिनीनं उघड्या दारातून पडवीकडे पाहिलं. तिथं एक दगड होता, त्याच्या बाजूला बसून बसून झिजलेली जमीन होती, आणि दुसरं काही नव्हतं. आवाज त्या दगडावरूनच येत होता. पाच-सहा मिनिटं चालला आणि थांबला.

"आता तुमचा बटवा बघा," गौरवी हळूच म्हणाली. "घरात जे बिननावाचं नाणं असेल त्याच्यावर नाव उठतं. दर वेळी एकावरच. माझ्या घरात आज तसं एकही नाणं नाही."

बटवा विनोदिनीच्या मांडीवरच होता, आल्यापासून तिनं तो हातातून सोडला नव्हता. तिनं दोरी ओढली. कोलकात्याचं २०२३ चं पाच रुपयाचं नाणं बाहेर काढलं. ते कोमट होतं. सिंहाच्या बाजूला ताजं, चकाकतं नाव होतं, 'रु'च्या पोटात वळसा होता. ठिपक्यांच्या कडा इतक्या तीक्ष्ण की अंगठा फिरवताच रक्ताचा बारीक थेंब आला, आणि बोटाला धातूची पूड लागली.

तिनं नाणं झटकन बांकावर टाकलं. पण विनोदिनी गाडा चालवणारी बाई होती. भीतीच्या तळाशी तिचं डोकं चालूच होतं. ती म्हणाली, "गौरवी, तुझ्या आईच्या हातात हे पडलं, तिनं नाव वाचलं, 'ही मीच' म्हणाली. पुढे काय? घर कुठे, हे तिला कोण सांगणार? ज्याच्यासमोर ती वाचेल त्याला तरी कसं कळणार?"

गौरवीनं बांकावरचं एक नाणं उचलून उलटं केलं. आठ वर्षं तिनं निष्ठेनं ती नाणी कासारवर्ण्याच्या बसमध्ये, पंचायतीजवळच्या दुकानात, जत्रेत चालवली होती, पण हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. आईनं लिहून दिल्याशिवाय बाबाला फक्त तिचं नावच कोरता येत होतं, म्हणून तेवढंच पुरेसं, असं तीही धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी वीस नाणी घेऊन डिचोलीला गेल्या. धाकूकाका आधी नाही म्हणाला. ते नाणं हातात घ्यायलाही तयार होईना. "मेल्ल्या मनशाच्या कामात हात घालूं नये," तो म्हणाला. मग गौरवीनं आपण कोण ते सांगितलं. म्हाताऱ्यानं तिला ती रांगत असल्यापासून पाहिलेलं होतं. त्यानं मशीन सुरू केलं, आणि एकेका नाण्याच्या दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात 'कासारवर्णे, पेडणे' घातलं. पैसे घेतले नाहीत. शेवटचं नाणं संपल्यावर त्यानं हात धुतले आणि त्या दिवशीचं काम लवकर आवरलं.

ही नाणी कशी चालवायची, हे विनोदिनीनं ठरवलं. आजवर ती पेडण्याच्या आसपासच घुटमळत होती. तिनं नवऱ्याच्या ओळखीनं लांबच्या बसवाल्यांना गाठलं. चार नाणी फोंड्याच्या बसला, चार मडगावला, तीन सावंतवाडीला आणि उरलेली वास्कोच्या सरकारी बसच्या दोन कंडक्टरांना दिली. "तिथंच सुटे म्हणून द्या, परत आणू नका," एवढंच सांगितलं. बसवाले हसले, पण त्यांनी दिली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कासारवर्ण्याच्या पंचायतीत फोन आला. वास्कोजवळच्या एका वृद्धाश्रमातून. तिथली एक बाई दर सोमवारी आश्रमातल्या म्हाताऱ्यांना देवळात नेई आणि आरतीच्या ताटात टाकायला प्रत्येकीच्या हातात एक नाणं देई. त्यांच्यात एक होती जी रेल्वे स्थानकावर सापडली होती आणि अकरा वर्षांत जिनं आपलं नाव सांगितलं नव्हतं. त्या सोमवारी ताट पुढे आलं तरी तिनं मूठ उघडली नाही. नाणं डोळ्यांशी नेलं, बोट फिरवलं, आणि भर देवळात मोठ्यानं म्हणाली, "हांव रुक्मिणी." आश्रमातल्या बाईनं नाणं उलटं करून पाहिलं.

गौरवी आईला घरी घेऊन आली. चार दिवसांनी तिनं विनोदिनीला निरोप धाडला, आणि विनोदिनी उंडे पाव आणि केळी घेऊन भेटायला गेली.

रुक्मिणी बांकावर बसली होती. आश्रमात केस बारीक कापलेले, अंगानं चिमणीएवढी. तिनं लेकीला ओळखलं नव्हतं. "ही बरी आसा," ती गौरवीकडे बोट करून विनोदिनीला म्हणाली, "माका जेवूंक दिता. कोणाची गो ही?" गौरवी हसली आणि डोळे पुसत आत गेली.

"अजून येतो आवाज?" विनोदिनीनं तिच्या मागोमाग जाऊन विचारलं.

"आई आल्यापासून नाही आला. मला वाटलं, संपलं."

ते बोलणं पुरं होतंय तोवर पडवीत ठोका पडला. टिक्. टिक्. टिक्. नेहमीपेक्षा सावकाश.

बांकावरच्या म्हातारीनं मान वर केली. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. रोजच्या कामात असलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं खिडकीतून पडवीकडे पाहिलं, आणि थोडं वैतागून म्हणाली, "अहो, पुरो आतां. किती ठोकतात ते? उठा, चा घ्या."

आवाज तिथंच तुटला. विनोदिनीला आता ते ठोके पाठ होते. नाव अर्ध्यावरही आलं नव्हतं.

पडवीत काहीच हललं नाही. पण कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून उठावं, अंगावरची पूड झटकावी, तशी एक हालचाल दारातून आत आल्यासारखी दोघींनाही वाटली. रुक्मिणी बांकावर थोडी बाजूला सरकली. गौरवीनं चूल पेटवली आणि चार कप खाली काढले.

विनोदिनीनं चहा घेतला नाही. "बस चुकेल," म्हणाली आणि निघाली. वाटेत एकदाही मागे वळली नाही. बसमध्ये तिनं कंडक्टरला नोट दिली. त्यानं उरलेली सुटी नाणी तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिनं न बघताच मूठ मिटली. अंगठा फिरवायचा धीर तिला पेडणे येईपर्यंत झाला नाही. बसमधून उतरून, गाड्याच्या फळीशी उभी राहून तिनं मूठ उघडली आणि एकेक नाणं चाचपलं. सगळी गुळगुळीत होती.